‘तुम्हालाच जाणवेल’: योग, आत्मभान आणि मोजमापाचा प्रश्न

यंदाच्या २१ जूनला आमच्या विभागात योगदिनानिमित्त एक व्याख्यान झालं. विषय होता ‘योगदर्शन आणि रोजच्या जगण्यातली सजगता’. वक्ते चांगले बोलले. शेवटी प्रश्नोत्तरं झाली तेव्हा मी एक साधा प्रश्न विचारला, "सर, माझं आत्मभान वाढलंय की नाही, हे मला कळणार कसं?" ते हसले आणि म्हणाले, "तुम्हालाच जाणवेल." सभागृहात टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी लॅबमध्ये सँपल लावून बसले होते आणि ते उत्तर पुन्हा आठवलं. या वेळी मात्र ते खटकलं. ज्याची चाचणी घ्यायची आहे त्यालाच परीक्षक नेमल्यासारखं ते उत्तर होतं. हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. त्या वक्त्यांवर टीका करायची नाहीये, कारण हेच उत्तर मी स्वतःला आणि इतरांनाही तीन वर्षं देत होते.

आधी सांगून टाकते. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे, मेंदूविज्ञानात नाही. संस्कृत शाळेत होतं तेवढंच. पण पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी, झोप पूर्ण उडाली होती तेव्हा, मी योगवर्गाला जायला लागले आणि तिथून योगसूत्रं वाचायला लागले. कृष्णाजी केशव कोल्हटकरांचं ‘भारतीय मानसशास्त्र’ हे पातंजल योगदर्शनावरचं जाडजूड मराठी पुस्तक आमच्या ग्रंथालयात आहे, त्याचा मला फार उपयोग झाला. म्हणजे या विषयाशी माझं भांडण बाहेरून नाहीये.

स्लाइडवरचा मेंदू

व्याख्यानात अपेक्षेप्रमाणे मेंदूचं रंगीत चित्र आलं. ‘आठ आठवड्यांच्या सरावाने मेंदूची रचना बदलते’ असं खाली लिहिलं होतं. हे विधान कुठून येतं ते बघू.

१९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत तणाव कमी करण्यासाठी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यात बसून करायचं ध्यान, शरीरभर लक्ष फिरवणं आणि सौम्य हठयोग असतो. २०११ साली एक शोधनिबंध आला. हा अभ्यासक्रम केलेल्या १६ जणांच्या मेंदूचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन त्यात होते, आणि तुलनेला अभ्यासक्रम न केलेले १७ जण होते. हिप्पोकॅम्पस वगैरे भागांत करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली. बातमी जगभर गेली आणि तिथूनच ती स्लाइडवर आली.

पुढची गोष्ट मात्र स्लाइडवर येत नाही. २०२२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने दोनशेहून जास्त लोकांवर तोच प्रयोग जास्त कडक पद्धतीने केला. लोक चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने गटांत वाटले. एका गटाला हा अभ्यासक्रम दिला. दुसऱ्याला तेवढ्याच वेळाचा, पण व्यायाम, आहार, संगीत असा वेगळा कार्यक्रम दिला. तिसरा गट नुसता प्रतीक्षायादीत ठेवला. मेंदूच्या रचनेत गटागटांमध्ये फरक सापडला नाही. हा गट ध्यानाच्या विरोधकांचा होता असंही नाही. त्यात रिचर्ड डेव्हिडसन होते, ज्यांनी ध्यानाच्या संशोधनात अनेक वर्षं घालवली आहेत.

याचा अर्थ ‘ध्यानाचा उपयोग नाही’ असा होत नाही. आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते या दाव्याला आधार मिळाला नाही, एवढाच होतो. हिप्पोकॅम्पस वाढला नाही म्हणून माझी परत आलेली झोप खोटी ठरत नाही. पण मग आपण मेंदूचं चित्र कशाला दाखवतो? मला वाटतं, ‘तुम्हालाच जाणवेल’ हे उत्तर पुरेसं नाही हे आपल्यालाही आतून माहीत असतं. म्हणून बाहेरचा साक्षीदार हवा असतो. फक्त आपण साक्षीदार सोयीचा निवडतो.

हृदयाचे ठोके आणि आत्मविश्वास

मेंदू बाजूला ठेवू. आत्मभान वाढतं का, हे थेट तपासता येईल का? निदान शरीराच्या बाबतीत तरी तसा प्रयत्न झाला आहे.

२००८ साली आलेल्या एका अभ्यासात तिबेटी बौद्ध पद्धतीचं ध्यान करणारे, कुंडलिनी योग करणारे आणि दोन्हींपैकी काहीच न करणारे असे लोक घेतले. काम एकच होतं. शांत बसून स्वतःच्या हृदयाचे ठोके ओळखायचे. ठोके यंत्रावर मोजले जातातच, त्यामुळे कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक हे बाहेरून ठरवता येतं. संशोधकांची अपेक्षा होती की ध्यान करणारे सरस ठरतील. तसं झालं नाही, ते इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. पण ‘तुम्हाला हे किती चांगलं जमलं?’ असं विचारल्यावर ध्यान करणाऱ्यांनी स्वतःला जास्त गुण दिले, आणि काम सोपं होतं असंही सांगितलं.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून चहा प्यायला गेले होते. कारण हे माझं वर्णन होतं. ‘मला स्वतःचं कळतं’ ही भावना वाढली होती. कळणं वाढलं होतं का, हा वेगळा प्रश्न होता आणि तो मी कधी विचारलाच नव्हता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शांत बसलेलं असताना ठोके ओळखणं ही फार अरुंद चाचणी आहे. ठोके न कळणाऱ्या माणसाला स्वतःचा राग वेळेवर कळू शकतो. शिवाय २०१२ साली एक वेगळा निष्कर्ष आला. शरीराच्या कुठल्या भागाची संवेदनशीलता किती, याचा लोकांचा स्वतःचा अंदाज बाहेरच्या मोजमापाशी ताडून पाहिला, तेव्हा शरीरभर लक्ष फिरवण्याच्या ध्यानाचा अनुभव जास्त असलेल्यांचे अंदाज जास्त अचूक निघाले. म्हणजे आत पाहण्याची क्षमता सरावाने सुधारूच शकत नाही, असं म्हणता येत नाही. पण दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट सारखी आहे. सुधारली की नाही, हे ठरवायला त्या माणसाच्या जाणवण्याशिवाय आणखी काहीतरी लागलं.

अहं कमी होतो का?

तिसरा अभ्यास जास्त झोंबणारा आहे. योगवर्गात नेहमी ऐकू येतं की योगाने अहंकार गळतो. २०१८ साली जर्मनीतल्या योगवर्गांच्या ९३ विद्यार्थ्यांना १५ आठवडे वेळोवेळी प्रश्नावल्या दिल्या. काही वेळा वर्ग संपल्या संपल्या, आणि काही वेळा मागच्या चोवीस तासांत योग केलेला नसताना. योग केल्यानंतर लगेच लोकांचं ‘मी सरासरी माणसापेक्षा बरा’ हे प्रमाण कमी झालं नाही, उलट वाढलं. १६२ ध्यान करणाऱ्यांवर चार आठवडे केलेल्या दुसऱ्या पाहणीतही असंच दिसलं. बरं वाटणं वाढलं होतं हे खरं, पण ते बरं वाटणं या ‘मी भारी’ वाटण्याशी जोडलेलं होतं.

इथे दोन पळवाटा लगेच सुचतात. पहिली, ‘हा खरा योग नव्हेच’. पतंजलींच्या सूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत, त्यामुळे आसनांच्या वर्गावरून योगदर्शनाला नापास करणं बरोबर नाही, हे मान्य. पण ज्याला चांगला परिणाम मिळाला तो खरा योग आणि ज्याला वाईट मिळाला तो खोटा, असं ठरवलं की मग कुठलाच दावा कधी चुकू शकत नाही. दुसरी पळवाट उलट बाजूची: ‘बघा, योग म्हणजे स्वतःवर खूश होण्याचा धंदा.’ हेही घाईचं आहे. वर्ग संपल्यावर अर्ध्या तासात वाटणारी भावना म्हणजे दहा वर्षांनी घडलेला स्वभाव नव्हे. व्यायामशाळेतून बाहेर पडतानाही माणूस छाती काढूनच चालतो.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं: हा निष्कर्ष पतंजलींना नवीन वाटला नसता.

सूत्रांत काय आहे

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पाच क्लेश सांगितले आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. आपल्याकडच्या सजगतेच्या व्याख्यानांत राग-द्वेषाबद्दल भरपूर बोललं जातं. अस्मितेवरून मात्र भरभर पुढे जातात, तिचा अर्थ ‘अहंकार’ असा सांगून. सूत्राचा अर्थ जास्त बारीक आहे. पाहणारा आणि पाहण्याचं साधन, हे दोन वेगळे असताना एकच असल्यासारखे वाटणं, म्हणजे अस्मिता.

माझ्यासारख्या माणसाला हे लॅबच्या भाषेतच समजतं. गेल्या वर्षी मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याच्या विघटनावर काम करत होते. त्याचा मुख्य पीक ६६४ नॅनोमीटरच्या आसपास येतो. एका आठवड्यात तो सतत थोडा सरकलेला यायला लागला. मी खूश झाले! चार दिवस बसून रेणू एकमेकांना कसे चिकटत असतील याचं सुंदर स्पष्टीकरण रचलं. पाचव्या दिवशी गाइड म्हणाले, "होल्मियमचा फिल्टर लावून बघितलास का?" तो फिल्टर म्हणजे ज्याचे पीक कुठे येतात हे आधीपासून पक्कं माहीत आहे असं प्रमाण. लावला. त्याचेही पीक सरकलेले. रेणूंना काहीच झालं नव्हतं, स्पेक्ट्रोफोटोमीटर बिघडला होता. ते चार दिवस मी उपकरणातून बघत होते, पण उपकरण आहे हेच विसरले होते.

सांख्य-योगात चित्त हे असं उपकरण आहे. बुद्धी, अहंकार, मन हे सगळं प्रकृतीच्या बाजूला, म्हणजे पाहिल्या जाणाऱ्या बाजूला आहे. चौथ्या पादात तर स्पष्ट म्हटलं आहे की चित्त स्वतःच स्वतःला उजळून पाहू शकत नाही, कारण तेच पाहिलं जाणारं आहे. आता ‘तुम्हालाच जाणवेल’ हे उत्तर यासमोर ठेवून बघा. जाणवणार कशात? चित्तात. आणि तपासायचं काय आहे? चित्तच.

आणखी दोन जागा. क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: झोपलेले, पातळ झालेले, मध्येच दबलेले आणि उसळलेले. दबलेल्या अवस्थेसाठी व्यासभाष्यात चैत्र नावाच्या माणसाचं उदाहरण येतं. तो एका स्त्रीवर आसक्त आहे, याचा अर्थ इतर स्त्रियांबद्दल तो विरक्त झाला असा नव्हे. आसक्ती आत्ता इथे दिसते, तिथे दिसत नाही, इतकंच. म्हणजे राग दिसत नाही यावरून राग गेला असं ठरत नाही. दुसरी जागा विभूतिपादात आहे. साधकाला वरच्या लोकांतून आमंत्रणं येतील, तेव्हा आसक्ती नको आणि ‘स्मय’ही नको, असं तिथे सांगितलं आहे. स्मय म्हणजे आपल्या मोठेपणाचं कौतुक. साधनेतूनच अहं फुगू शकतो, ही सूचना ग्रंथातच आहे.

‘राग आला, पाहिला, गेला’

आता माझं. गेल्या हिवाळ्यात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एक मुलगी माझ्या हाताखाली आली. तिने एकदा स्टॉक द्रावण चुकीच्या प्रमाणात बनवलं आणि माझा पूर्ण दिवस गेला. मी ओरडले नाही. श्वासाकडे लक्ष दिलं, दहा मोजले आणि अगदी शांत आवाजात म्हटलं, "हरकत नाही. तुला कुठलं काम द्यायचं आणि कुठलं नाही, ते आता मला कळलं." त्या रात्री वहीत लिहिलं: ‘राग आला, पाहिला, गेला.’ शेजारी बरोबरची खूणही केली.

तीन आठवड्यांनी आमचे आकडे जुळेनात. खोदत गेल्यावर कळलं की तिच्या हातून एक क्वार्ट्झची क्युव्हेट चरा जाऊन खराब झाली होती, आणि तिने ते मला सांगितलंच नव्हतं. दोन आठवड्यांची सगळी वाचनं बाद. "अगं, सांगायचंस ना!" मी म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हसून बोलता, तेव्हा किती रागावलात ते कळतच नाही. मग भीती वाटते." प्रकल्प सोडून दुसरीकडे जायचं, असं तिने घरी सांगूनही झालं होतं.

वही खोटी नव्हती. मला खरंच तसं जाणवलं होतं. राग उसळलेला नव्हता, म्हणून मी तो गेला असं धरलं. तो माझ्या वाक्यात जाऊन बसला होता आणि तिथून तिला बरोबर दिसत होता. तिच्याकडे माझ्याबद्दलची माहिती होती, जी माझ्याकडे नव्हती. श्वास, दहा मोजणं, शांत आवाज, या सगळ्याने माझा राग कमी केला नाही, फक्त मला दिसेनासा केला. आणि त्याची किंमत तिने मोजली.

मग रोजच्या जगण्यात काय करायचं?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. पतंजली आपल्याला ऑफिसचा ताण हाताळायला शिकवत नव्हते. त्यांचं ध्येय कैवल्य आहे, पुरुष आणि प्रकृती वेगळे झाल्याचं ज्ञान. ‘स्वाध्याय’ या शब्दाचा अर्थ आज सर्रास ‘स्वतःचा अभ्यास’ असा सांगतात. व्यासभाष्यात त्याचा अर्थ ॐकारासारख्या पवित्र मंत्रांचा जप आणि मोक्षशास्त्रांचं अध्ययन असा आहे. आपण ग्रंथातून उसनं घेतो आहोत आणि वेगळ्या कामाला लावतो आहोत. त्याला माझी हरकत नाही, पण उसनं घेतलंय हे सांगावं.

चित्त स्वतःला तपासू शकत नाही, या अडचणीवर पतंजलींचं उत्तर ‘पुरुष’ हे आहे. मी त्या उत्तरापर्यंत पोहोचलेले नाही आणि प्रयोगशाळेत ते मांडायचं कसं हेही मला माहीत नाही. पण अडचण त्यांनी नेमकी पकडली आहे. माझ्या पातळीवर मला सुचलेला उपाय होल्मियमच्या फिल्टरसारखा आहे, म्हणजे बाहेरचं प्रमाण. आणि रोजच्या जगण्यात ते प्रमाण म्हणजे आपल्याबरोबर राहणारी, आपल्या हाताखाली काम करणारी माणसं. फिल्टरइतकी ती अचूक नसतात, त्यांचेही क्लेश असतात. पण त्यांची चूक आणि माझी चूक एकाच दिशेची असण्याची शक्यता कमी.

म्हणून वही चालू आहे, फक्त पद्धत बदलली. आता ‘राग गेला’ असं लिहीत नाही. ‘मला वाटतं, तिला काही वाटलं नसावं’ असा अंदाज लिहिते आणि एक-दोन दिवसांनी त्या माणसाला खरंच विचारते. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "फोनवर तू ‘हं’ म्हणतेस ना, तेव्हा मी गप्प बसते." हे मला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं. लॅबमध्ये विचारणं जास्त अवघड आहे, कारण ज्युनिअर खरं सांगेलच असं नाही. म्हणून तिथे दुसरी खूण बघते: चुका माझ्यापर्यंत किती लवकर येतात? त्या यायच्या थांबल्या तर माझी शांतता तपासायची वेळ झाली, असं समजायचं.

याला संशोधन म्हणत नाही. एका माणसाची वही आहे, तुलनेला गट नाही, आणि मोजणारी पुन्हा मीच. माझे अंदाज सुधारताहेत का? काही माणसांबाबत थोडे, काहींबाबत अजिबात नाही. पण निदान ते चुकू शकतात अशा रूपात मी ते लिहिते. ‘तुम्हालाच जाणवेल’ हे उत्तर कधी चूक ठरूच शकत नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. सूत्रकारांनी तर सरावासाठी दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदराने, अशा तीन अटी घातल्या आहेत. आपल्याला कसं वाटलं याला त्यांनी कुठे निकाल मानलेलं मला तरी दिसलं नाही.

ती मुलगी प्रकल्पात राहिली. गेल्या आठवड्यात तिच्याकडून पुन्हा एक द्रावण चुकलं. दहा मिनिटांत सांगायला आली. मी म्हटलं, "मला राग आलाय. पण सांगितलंस ते बरं केलंस. चल, पुन्हा बनवू." ती म्हणाली, "चालेल ताई," आणि फ्लास्क घ्यायला गेली. ती घाबरली होती का, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. उद्या विचारणार आहे.